वळचणीचे पाणी

'वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही' ही म्हण मी वर्गात अनेकदा समजावून सांगितली आहे. आढे म्हणजे छपराचा माथा, वळचण म्हणजे त्याची खालची कड. अर्थ सरळ आहे. तो तितका सरळ नाही, हे मला जळकोटच्या आमच्या गल्लीतील नालीने शिकवले.

आमची गल्ली उताराची, चौदा घरांची. माझे घर वरच्या टोकाला. तळाचे घर एका वृद्ध मावशींचे. दोन खोल्यांचे जुने माळवद. मोठा पाऊस झाला की गल्लीभरचे पाणी त्यांच्या उंबऱ्यावरून आत शिरे आणि गाळ मागे ठेवून जाई. निधीची वाट पाहत बसण्यापेक्षा वर्गणी काढून नाली बांधावी, असे शेवटी ठरले. खर्च एक लाख चाळीस हजार. म्हणजे घरटी दहा हजार. आम्हा वरच्यांना तर या हिशेबात आपले औदार्यच दिसत होते. आमच्या दारात पाणी थांबतच नव्हते!

बैठकीत मावशी एवढेच म्हणाल्या, "सर, पानी तुमचं, गाळ माझा, अन् पट्टी मात्र सारखीच?"

घरी येऊन मी आधी कायद्याचा आधार शोधला. १८८२ च्या इझमेंट ॲक्टनुसार वरच्या जमिनीवर पडलेले पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या वाहू देण्याचा हक्क वरच्या मालकाला आहे. क्षणभर बरे वाटले. पण भाषेच्या शिक्षकाला 'नैसर्गिकरीत्या' हे क्रियाविशेषण सहज ओलांडून जाता येत नाही.

माझ्या घराचेही पूर्वी माळवदच होते. छतावरच्या मातीच्या थरात पावसाचे थोडे पाणी मुरे, थोडे अंगणात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात दगडमातीच्या भिंतींची धास्ती बसली आणि आमच्या गल्लीत एकेक माळवद उतरून स्लॅब आले. ती भीती खरी होती. स्लॅब घालण्यात काही चूक नव्हती. पुढे चिखल नको म्हणून मी अंगणातही फरशी बसवली. स्लॅब आणि फरशी मिळून दीडशे चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर माझ्या एकट्याच्या घरातून सुमारे साडेसात हजार लिटर पाणी खाली जाणार. मावशींचे छत जेमतेम तीस चौरस मीटरचे आणि परसदार मातीचे. खाली जाणारे हे पाणी निसर्गाचे राहिले नव्हते. ते माझ्या बांधकामाचे होते.

आपल्याकडे अशा खर्चाची वाटणी अपरिचित नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात भूखंडधारकांकडून क्षेत्रफळानुसार विकास शुल्क घेऊन वस्तीतील मूलभूत सुविधांसाठी वापरण्याची तरतूद आहे. जर्मनीतील अनेक नगरपालिका तर पुढे जाऊन छप्पर आणि फरसबंदी यांचे क्षेत्र मोजतात आणि पावसाच्या पाण्याचे शुल्क त्यावर आकारतात. जमीन कोणाची किती, यापेक्षा कोण किती पाणी सोडतो, हे तिथे पाहिले जाते.

मी तोच प्रस्ताव मांडला. चौदा घरांचे पक्के क्षेत्र चौदाशे चौरस मीटर भरले. म्हणजे मीटरमागे शंभर रुपये. माझे पंधरा हजार झाले, मावशींचे तीन. दोन दिवस वाद चालला. 'ज्याला त्रास त्याने खर्च करावा,' असे एक अण्णा म्हणाले. दुसऱ्यांना घराच्या दर्शनी रुंदीवर वाटणी हवी होती. कोणी मावशींना पूर्ण माफी सुचवली, तर ती त्यांनीच नाकारली. "माझ्याबी माळवदाचं पानी हायच की," म्हणून त्यांनी तीन हजार सर्वांआधी दिले. त्यानंतर फारसे कोणी बोलले नाही.

नाली झाली. पुढच्या पावसाळ्यात मावशींचा उंबरा कोरडा राहिला. एका जोराच्या पावसानंतर मी सहज उतारावरून चालत गेलो. पूर्वी गल्लीत रेंगाळणारे पाणी आता थेट ओढ्यात कोसळत होते. ओढ्याच्या काठाला चारपाच पत्र्याची घरे आहेत. आमच्या चौदा नावांच्या यादीत ती नव्हती आणि बैठकीला त्यांना कोणी बोलावलेही नव्हते. त्यांतल्या एका दारात एक बाई घमेल्याने गाळ उपसत होती.