गुणपत्रिकेपलीकडचा विषय

दहावीचा निकाल हाती आला की आपल्या वस्त्यांमध्ये एक ठरलेला हिशेब सुरू होतो. ऐंशी टक्क्यांच्या वर गेला तर विज्ञान, त्याखाली वाणिज्य आणि उरलेल्यांसाठी कला. मुलाच्या मनात कोणता प्रश्न घर करून आहे, याला या हिशेबात रकानाच नसतो.

आम्ही इतिहासाकडे वळलो ते गुणांमुळे नव्हे, आजीमुळे. येसकरपाळी आली म्हणजे भाकरीसाठी दारोदार उभे राहावे लागे, निरोप घेऊन परगावी धावावे लागे, हे ती सांगे. आमच्या पुस्तकात लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या. येसकरपाळी मात्र नव्हती. ती का नाही, या एका प्रश्नामागे आम्ही एम. ए.पर्यंत चालत गेलो. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले आणि ही कनिष्ठ वतने पुढे १९५८च्या कायद्याने रद्द झाली, हे वाचले तेव्हा आजीच्या बोलण्याला तारखा मिळाल्या. ‘गाडलेली मढी उकरून पोट भरते काय?’ असे भावकीतले विचारीत. पोट मास्तरकीने भरले. मनाची भूक त्या विषयाने भागवली.

शाळेतील विषय म्हणजे आयुष्याचा निकाल नव्हे, याचा सर्वांत मोठा दाखला खुद्द बाबासाहेबांचा आहे. त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे विषय अभ्यासले. ही निवड समाजापुढील प्रश्नांशी जुळणारी होती. नाकारलेले संस्कृतही त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने मिळवले.

तथापि केवळ आवडीवर विसंबणे आपल्या घरांना परवडत नाही. कोणते दार कोठे बंद होते, हे आधी ठाऊक हवे. अकरावीला जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय शिक्षणाची वाट अवघड होते. गणित सोडले तर अभियांत्रिकीची. विज्ञानातून बारावी झाल्यावर कला शाखेच्या पदवीला जाता येते; उलट प्रवास सहसा होत नाही. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम मात्र कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर खुला आहे आणि लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. लवकर मिळवते व्हायचे असेल त्याच्यासाठी दहावीनंतर आयटीआय आहे, तंत्रनिकेतनाची पदविका आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पैशाअभावी विषय सोडण्यापूर्वी तिची चौकशी अवश्य करावी.

मध्यंतरी एक मुलगी आमच्याकडे आली. गुण उत्तम, वडील बांधकामावर मजुरी करणारे. त्यांचा आग्रह डॉक्टरकीचा, तिचा ओढा समाजशास्त्राकडे. आम्ही तिला तीन प्रश्न विचारले : परीक्षा नसतानाही कोणते पुस्तक उघडावेसे वाटते? त्या विषयातून कोणती कामे मिळतात, ती करणाऱ्या कोणाला तू भेटली आहेस काय? घर किती वर्षे थांबू शकेल? पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे तिच्याजवळ होती. दुसऱ्यापाशी ती अडली. डॉक्टर तिने पाहिला होता. समाजशास्त्र शिकून काम करणारे माणूस तिने कधीच पाहिले नव्हते. वडिलांचा आग्रहही त्याच अंधारातून आला होता. जे दिसते तेच मागता येते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. देणगी द्याच, पण वर्षातून एक दिवस दहावीच्या वर्गातही या. परिचारिका, वीजतंत्री, वकील, ग्रंथपाल, बँकेतील अधिकारी, शेती करणारे पदवीधर, सर्वांनी या. आपले काम काय, पगार किती, त्यासाठी कोणता विषय घ्यावा लागला, हे या मुलांना स्पष्ट सांगा. आपल्या पिढीला ही वाट दाखवायला घरात कोणी नव्हते. या मुलांना आपण आहोत.