मदरबोर्डाची खरेदी आणि आमची एक चूक



शाळेच्या संगणक कक्षात नवा संगणक आला आहे. तो कसा निवडला हे सांगण्याआधी आमची जुनी चूक सांगतो, कारण पैसा आपणा सर्वांचा आहे.

मागचा संगणक घेताना आम्ही प्रोसेसर महागातला ठेवला आणि रक्कम जुळावी म्हणून मदरबोर्ड स्वस्तातला लिहिला. सगळे भाग जोडायची पाटीच ती, त्यात काय पाहायचे, असे वाटले. मे महिन्याच्या शिबिरात मुले त्रिमितीय चित्रे करायला बसली की दुपारी यंत्र मंद होई. ‘खेळ टाकले असतील,’ म्हणून आम्ही मुलांवर रागावलो. संगणक शिक्षकांनी तपासले, तर प्रोसेसर उत्तम. त्याशेजारचा वीजपुरवठ्याचा भाग मात्र भाजत होता.

प्रोसेसरला साधारण एक-सव्वा व्होल्ट लागतात, पॉवर सप्लायमधून येतात १२. ते उतरवण्याचे काम मदरबोर्ड करतो. ते काम अनेक ‘फेज’मध्ये वाटलेले असते. पंगतीला वाढणारे दोघेच असले की दमतात, आठ असले की कोणी दमत नाही, तसेच हे. फेज कमी, वर धातूचा हीटसिंक नाही, त्यात इंदूरचा उन्हाळा! मग प्रोसेसर आपला वेग आवरता घेतो.

या वेळी आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. ‘सर, ये टॉप मॉडल है,’ दुकानदार म्हणाले, आणि रंगीत दिव्यांचा तो बोर्ड आम्ही जवळजवळ घेतलाच. आमची पदवी हिंदी माध्यमातली. इंग्रजी माहितीपत्रक वाचायला अकरावीची एक विद्यार्थिनी सोबत होती. ती म्हणाली, ‘सर, कॅबिनेट टेबलाखाली असतं, दिवे बघणार कोण? आणि शाळेत ओव्हरक्लॉकिंग कोण करणार?’ मग तिने बारीक अक्षरातली ओळ दाखवली: ठरावीक जागी दुसरी एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्डाच्या लेन १६ वरून ८ होतात. महाग बोर्डालाही अशा अटी असतात!

शेवटी मधल्या किमतीचा बोर्ड घेतला. फेज भरपूर, हीटसिंक जाड, मेमरीच्या चार जागांपैकी दोन पुढच्यासाठी मोकळ्या. सॉकेट एएम५. हे सॉकेट २०२२ साली आले आणि २०२४ मध्ये आलेले नव्या पिढीचे प्रोसेसरही बायॉस अद्ययावत करून त्यावर चालतात. म्हणजे उद्या प्रोसेसर बदलला तरी बोर्ड बदलायला नको. वाचलेल्या पैशांत यूपीएस आला.

पालकहो, घरी संगणक घ्याल तेव्हा आधी काम लिहा, मग बोर्ड पाहा, किंमत शेवटी.

ज्या मुलांवर आम्ही विनाकारण रागावलो, त्यांची वर्गात क्षमा मागितली होती, इथेही मागतो. खरेदीचे बिल कार्यालयात आहे, कोणीही पाहावे.