शेवटचा नंबर
मी पेणहून रोज रोह्याला, धाटाव एमआयडीसीत कामाला जातो. गेल्या वर्षी स्टोअरमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं. लोकांनी ते वापरावं म्हणून साहेबांनी खेळ लावला: प्रत्येक नोंदीला पॉइंट, भिंतीवर नंबर. पोरांनी पॉइंटसाठी एकाच मालाच्या तीन-तीन नोंदी केल्या. तीस वर्षं रजिस्टर चोख ठेवणारे आमचे काका मात्र शेवटच्या नंबरावर. ते भिंतीकडे बघायचेच नाहीत.

मग आम्ही भांडून नियम बदलून घेतला. एक जुना, एक नवा अशी जोडी. पॉइंट फक्त बरोबर नोंदीला, तोही दोघांना मिळून. महिनाभरात काका स्क्रीनवर पोरांच्या चुका काढू लागले!

2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाईल आणि इंग्रजी पोषण ट्रॅकर ॲपला कंटाळून सरकारी फोन परत केले. त्यांना कामाचा कंटाळा नव्हता, हे लक्षात घ्या. ॲप कुठलंही आणा, आधी माणसाचा मान राखा. दहीहंडीतही खालचा थर भक्कम लागतो.