कान तुटलेला कप

बेंबळीतील आमच्या घरी येणारा पाहुणा बैठकीतल्या काचेच्या कपाटापाशी हमखास थबकतो. कपाटात एकवीस जुने इंग्रजी कप, त्यांच्याहून थोड्या कमी बशा आणि पाच चहादाण्या आहेत. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आणि आयुष्यभर शिक्षकी पेशा केलेल्या माणसाला हा साहेबी शौक कसा जडला, हा प्रश्न पाहुण्याच्या चेहऱ्यावर उमटतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आम्हांला आमच्या वडिलांपासून द्यावे लागते.

आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सोलापूर ब्रिटिश अमलाखाली होते आणि तेथे कापडगिरण्या होत्या. हाताला काम नाही आणि पोटाला भाकरी नाही अशा एका वर्षी वडील सीमा ओलांडून सोलापुरास गेले आणि गिरणीतल्या एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर खानसामा म्हणून राहिले. तेथेच ते ख्रिस्ती झाले, तेथेच लिहावयास वाचावयास शिकले. १९४७ साली साहेब मायदेशी परतला. जाताना मडमेने वडिलांना चहाचा संच दिला : एक चहादाणी, दुधाचे एक भांडे, सहा कप आणि सहा बशा. कपांच्या काठाला सोनेरी रेघ होती आणि अंगावर फिकट निळी फुले. वडिलांनी तो संच कडब्यात गुंडाळून बैलगाडीने गावी आणला. वाटेत एकही कप फुटला नाही, हे ते पुढे कित्येक वर्षे अभिमानाने सांगत.

गावात तेव्हा चहाचे एक हॉटेल होते. तेथे आमच्या वस्तीतील माणसांसाठी वेगळा कप असे. त्याचा कान तुटलेला. तो बाहेर वळचणीला ठेवलेला असे. आपणच तो काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, बाहेर उभ्याने प्यायचा, धुवायचा आणि पुन्हा वळचणीला ठेवायचा. पैसे मात्र आत बसणाऱ्याइतकेच. ही रीत एकट्या आमच्या गावची नव्हती, गावोगावी तेच होते. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली कायदाही झाला. परंतु वळचणीचा तो कप त्यानंतरही बरीच वर्षे आपली जागा सोडावयास तयार नव्हता. वडिलांचा धर्म बदलला होता, कप बदलला नव्हता.

वडिलांनी याविषयी कधी वाद घातला नाही. त्यांनी एक नेम धरला. घरी कोणीही आले, मग ते पत्र वाचून घेण्यास असो वा अर्ज लिहून घेण्यास, त्याच्यापुढे त्या सोनेरी काठाच्या कपातून चहा ठेवायचा. चहादाणी आधी गरम पाण्याने विसळून ऊबदार करायची, मग पत्ती, मग उकळते पाणी, मग झाकण लावून थोडा वेळ थांबायचे. हा सारा विधी ते पाहुण्यासमोर, जराही घाई न करता करीत. वस्तीतले लोक चहा आवडीने पीत. वरच्या आळीतले लोक ओट्याच्या कडेला टेकत, कपाची तोंड भरून स्तुती करीत आणि चहा तसाच ठेवून उठत. गार झालेला तो चहा मग आम्हां भावंडांच्या वाट्याला येई. गार चहाची आम्हांला लहानपणी फार गोडी होती. तो गार का होतो, हे कळण्याचे आमचे वय नव्हते.

ते कळले पुढे पुण्यास, शिकावयास गेल्यावर. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील नामवंत मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे ठेवली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हातात धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात केवढे ग्रामण्य माजले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागले. हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर पंचहौद मिशन येईना. येत होता आमचा बेंबळीचा ओटा आणि साय धरलेला एक कप. एवढ्या थोरामोठ्यांना जे जड गेले, ते आमच्या गावच्या साध्या शेतकऱ्याला जड गेले यात नवल ते काय, असे त्या दिवशी प्रथम वाटले आणि मनातील कडवटपणा थोडा उणा झाला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्या मानाने आमचे नुकसान सांगण्याजोगे नाही. एक भिंत फाटली आणि फळी कोसळली. वडील तोवर निवर्तले होते, आई घरात एकटी होती. आम्ही पुण्याहून धावत आलो तेव्हा तिने कपांचे तुकडे सुपात वेचून ठेवले होते. चहादाणी आणि दोन कप तेवढे वाचले होते. "माणसं गेली रे बाबा, कपाचं काय घेऊन बसलास," ती म्हणाली. आम्ही काही घेऊन बसलो नव्हतो. परंतु सूप फेकून देणेही आमच्याने झाले नाही.

पुण्यास परतल्यावर दर रविवारी जुन्या बाजारात आमची फेरी सुरू झाली. हेतू एवढाच, की निळ्या फुलांचे चार कप मिळावेत आणि संच पुरा व्हावा. ते आजवर मिळालेले नाहीत. दुसरेच मिळत गेले. विलोच्या झाडाचे, पुलाचे आणि दोन पाखरांचे निळे चित्र असलेली बशी मिळाली. तपकिरी झिलईची, तांबड्या मातीची गुबगुबीत चहादाणी मिळाली. हळूहळू पारख आली. कप उलटा करून तळाचा शिक्का वाचावा : नुसते 'इंग्लंड' असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा, 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातला. नखाने टिचकी मारावी; घंटेसारखा नाद आला तर कप अभंग, बद्द आवाज आला तर कोठे तरी केसासारखी चीर आहे. शेवटी कप उजेडासमोर धरावा. अस्सल बोन चायना असेल तर पलीकडच्या बोटांची सावली कपातून दिसते.

ही पारदर्शकता येते कोठून, याचा शोध घेतला तेव्हा आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टोक-ऑन-ट्रेंट येथील स्पोड घराण्याने या मिश्रणाची कृती पक्की केली. त्यात जवळजवळ निम्मी राख असते, आणि ती राख गुराढोरांच्या हाडांची. उरलेल्या निम्म्यात पांढरी चिनी माती आणि कॉर्नवॉलचा दगड. मेलेली ढोरे ओढून नेण्याचे काम आमच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला होते आणि त्यापायीच आमचा स्पर्श विटाळाचा मानला जाई. त्याच हाडांची राख साहेबाच्या टेबलावर सर्वांत शुभ्र, सर्वांत नाजूक वस्तू होऊन बसली होती. वरच्या आळीतले लोक ज्याची स्तुती करीत ते सौंदर्य हाडांचे होते. ज्याला भीत तो हात मात्र माणसाचा होता. वडिलांना हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे. असते तर ते मिशीतल्या मिशीत हसले असते.

निवृत्तीनंतर आम्ही बेंबळीस येऊन राहिलो. गेल्या पावसाळ्यात वरच्या आळीतले तात्या काठी टेकीत आले. वय नव्वदीच्या पुढे. तरुणपणी वडिलांकडून अर्ज लिहून घेण्यास ते कैक वेळा येत. कपाटापाशी ते बराच वेळ उभे राहिले आणि निळ्या फुलांच्या कपाकडे बोट दाखवून म्हणाले, "मास्तर, तुमच्या वडलांचा चहा राहिलाय माझ्याकडं. आज द्या."

आमच्या सौभाग्यवतींनी काही न बोलता चहादाणी गरम पाण्याने विसळली. पावणेशे वर्षांचा तो कप आम्ही कपाटातून काढला. तात्यांचा हात थरथरत होता. त्यांनी चहा बशीत ओतला, फुर्रकन ओढला आणि साखर कमी असल्याची तक्रार केली. आम्ही साखर दिली. त्यांनी दुसरा कपही घेतला.

त्या दिवसापासून काचेच्या कपाटाला आम्ही कुलूप लावीत नाही. येणाऱ्याने हवा तो कप निवडावा आणि त्यातून चहा प्यावा. या चार महिन्यांत तीन कप फुटले. सौभाग्यवती हळहळतात, आम्हीही हळहळतो. कपाटात एक रिकामी जागा मात्र आम्ही मुद्दाम राखून ठेवली आहे. वळचणीचा तो कान तुटलेला कप आता गावात कोठे सापडत नाही. सापडला असता तर तो तेथे ठेवला असता. आमच्या संग्रहात त्याच्याइतका जुना आणि आमचा म्हणावा असा दुसरा कप नाही.