पसरणीचा घाट आणि आजोबांची फियाट

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी पसरणीचा घाट पाहिला आहे? वाई सोडली, की पाचगणीचा रस्ता डोंगराला वळसे घेत चढू लागतो. खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी आणि शेतांचे हिरवे चौकोन. अंतर म्हणाल तर जेमतेम १२-१३ किलोमीटर. पण तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटर वर चढते बरं का! एस.टी. हा घाट रोज चढते-उतरते. आमच्या मामांना मात्र तो चढायला चार वर्षं लागली. कशी, तेच सांगते.

मामांचं घर वाईत, नदीपासून जवळच. घरामागे जुना गोठा आहे. जनावरं केव्हाच गेली. तिथे ताडपत्रीखाली आजोबांची फियाट उभी होती. १९७२ सालची, फिक्या निळ्या रंगाची. १९९८ साली आजोबा गेले आणि गाडी जागची हलली नाही. उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला. भंगारवाला दर दिवाळीला विचारायचा, "देताय का?" आजी म्हणायची, "राहू दे. ती काय खायला मागते का?"

ही गाडी इटलीतल्या फियाट कंपनीच्या नमुन्याची, पण तयार झाली मुंबईत, कुर्ल्याला! सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. त्या पहिल्या गाड्यांचं नाक फुगीर, म्हणून लोक त्यांना 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढे रूप बदललं आणि १९७४ साली नावही बदललं: प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

मामा पतसंस्थेत कारकून. पाना कसा धरायचा हेही त्यांना ठाऊक नव्हतं. २०१९च्या उन्हाळ्यात त्यांनी ताडपत्री काढली आणि गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी बोलावलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, खोलणं सोपं असतं. जोडताना रडू येतं. आधी फोटो काढा."

मग दर रविवारी गोठ्यात काम सुरू झालं. जो भाग सुटेल त्याचा फोटो, आणि त्याचे नट-बोल्ट बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. डब्यावर चिठ्ठी लिहायचं काम माझ्या मामेभावाचं. तो तेव्हा तिसरीत होता. 'डावा दरवाजा, वरचं बिजागर' असं लिहिता लिहिता त्याचं अक्षरही सुधारलं!

इंजीन जाम झालं होतं. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून डिझेल ओतलं आणि आठवडाभर वाट पाहिली, तेव्हा कुठे ते हललं. पायाखालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. तो कापून नवा बसवला. मग लांबी, घासकाम, प्रायमर आणि शेवटी रंग. ब्रेक पूर्ण नवे केले. एक काच मात्र कुठेच मिळेना. अखेर ती सापडली कुर्ल्याच्याच भंगार बाजारात!

पुढच्या कप्प्यात आजोबांची एक वही निघाली. तारीख, किती लिटर पेट्रोल, कुठे गेलो, सगळं सुवाच्य अक्षरात. पहिली नोंद होती : 'वाई ते पाचगणी. सौ. सोबत.' मामांनी तेव्हाच ठरवलं, की आजीला पुन्हा याच गाडीतून पाचगणीला न्यायचं.

आर.टी.ओ.त गाडी दाखवून कागद नव्याने करून घेतले आणि २०२३च्या मे महिन्यात आम्ही निघालो. आजी मागे, माझ्याजवळ. पुढे मामा आणि मामेभाऊ. या गाडीत गिअरचा दांडा खाली नसतो, स्टिअरिंगच्या शेजारी असतो. पसरणी गाव मागे पडलं. अर्धा घाट चढलो आणि मामेभाऊ ओरडला, "बाबा, काटा लाल झाला!"

मामांनी गाडी कडेला घेतली. बॉनेटमधून वाफ येत होती. मी पाण्याची बाटली घेऊन पुढे झाले, तसे मामा म्हणाले, "थांब! तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडतं."

पाऊण तास थांबलो. इंजीन निवाल्यावर पाणी भरलं. मामेभाऊ म्हणाला, "बाबा, थोडंच राहिलंय. चला ना!" मामा वळणाकडे बघत राहिले. चार वर्षांचे रविवार त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. पण इंजीन पुन्हा तापलं असतं, तर त्याचं हेड वाकलं असतं. आणि घाटात मध्येच गाडी बंद पडली असती तर? सोबत ८१ वर्षांची आजी होती.

"परत जाऊ," मामा म्हणाले. आवाज जरा ओला होता. आजी म्हणाली, "चल रे. घाट काय पळून जातोय?" दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, आम्ही उतरलो.

दोष रेडिएटरमध्ये निघाला. त्याच्या बारीक नळ्यांतून पाणी फिरताना वाऱ्याने थंड होतं. पण विहिरीच्या पाण्यातले क्षार साचून अर्ध्या नळ्या बुजल्या होत्या. सपाट रस्त्यावर ते कळलं नाही. चढावर इंजिनाला जोर लावावा लागला, तेव्हा कळलं. साताऱ्याच्या कारागिराने रेडिएटर उघडून सळईने एकेक नळी साफ केली.

जूनमध्ये, पावसाच्या आधी, पुन्हा निघालो. ते वळण आलं. सगळे गप्प. काटा मधेच राहिला. आणि पाचगणी आली! आजीने खाली उतरून बॉनेटवर नुसता हात ठेवला.

घरी आल्यावर मामांनी आजोबांची वही काढली. शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी लिहिल्या : 'वाई ते पाचगणी. अर्ध्या घाटातून परत.' आणि 'वाई ते पाचगणी. पोचलो. आई सोबत.'

मामेभाऊ म्हणाला, "बाबा, पहिली ओळ कशाला लिहिली?"

"कारण तीही आपलीच फेरी आहे," मामा म्हणाले.

तुमच्या घरात एखादी जुनी सायकल, रेडिओ, शिवणयंत्र अडगळीत पडलंय का? सुट्टीत आजी-आजोबांना विचारून, मोठ्यांच्या सोबतीने उघडून बघा. आणि हो, आधी चिठ्ठ्या लावायला विसरू नका!