श्री. पंखा यांस, मुक्काम प्रोसेसर

नागपूर, ऐन मे महिना

श्री. पंखासाहेब यांस,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण पुन्हा कोकलू लागला आहात. इकडे पारा 45 वर गेलाय, लोक खिशात कांदा ठेवून बाहेर पडतात, कूलरच्या टाकीत पाणी ठरत नाही. आपल्याला मात्र कूलर नाही. हवा थंड करणं आपल्या हातातही नाही. मिळेल ती हवा आपण पुढे ढकलायची. खोली 25 अंशांवर असताना चिप 65 वर राहत असेल, तर खोली 40 झाली की तीच चिप तेच काम करताना 80 च्या घरात जाते. आणखी तापली, शंभराच्या आसपास गेली, की ती आपला वेग स्वतःच कमी करते आणि आम्ही म्हणतो, कॉम्प्युटर जुना झाला.

तरी तक्रार नोंदवतोच. आपली गती दुप्पट झाली की हवाही दुप्पट मिळते, कबूल. पण आवाज सुमारे 15 डेसिबलने वाढतो आणि वीज आठपट लागते. इतका आतबट्ट्याचा व्यवहार आमच्या महाल भागातला कुठलाच दुकानदार करणार नाही. शिवाय वेळ रात्रीची, घरातली मंडळी झोपलेली.

आपल्याशिवायचे दिवसही पाहिलेत. 386 ची चिप बहुधा उघडीच बसायची. कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून आत गेलं की एसीचा गारवा लागे, आणि तो विद्यार्थ्यांसाठी नाही हे सर स्पष्ट सांगत. मग 1993 साली पेंटियम आला, 15 वॅटच्या आसपास खाणारा, आणि आपली नोकरी पक्की झाली. आता साधा प्रोसेसरही 65 वॅटचा असतो. साठच्या पिवळ्या बल्बची सगळी धग अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून निघावी, तसं ते.

आपल्याला नाकारणारेही होऊन गेले. आवाज नको म्हणून स्टीव्ह जॉब्ज यांनी 1980 च्या ॲपल थ्रीमध्ये पंखा बसवू दिला नाही. पुढे ग्राहकांना सल्ला मिळाला की यंत्र टेबलावरून जरा उचला आणि खाली सोडा, म्हणजे सैल झालेल्या चिप्स जागेवर बसतील! लाखमोलाचं यंत्र असं आपटायचं. हसू नका, आपल्या पात्यांवरची धूळ उडते.

धुळीवरून आठवलं. सुताराने टेबलाखाली आपल्यासाठी दार लावून कप्पा केला, पाठ भिंतीला चिकटवून. आपण बाहेर टाकलेली गरम हवाच फिरून आपल्या तोंडी येते. वर काकूंचा क्रोशाचा रुमाल, जाळीवरच. त्यांना कोण सांगणार?

आता विनंती. आपल्या चार तारांपैकी एक आपला वेग बोर्डाला कळवत असते. बेअरिंग कोरडं पडू लागलं तर त्या तारेतून काय कळवायचं ते कळवा, पण आधी थोडे दिवस खरखरून आम्हालाही सांगा बाबा. न सांगता थांबू नका. उद्या ब्लोअर मारायला मुलगा येतोय. जोराच्या हवेने पाती भलत्याच वेगात फिरून बेअरिंग बिघडू नये म्हणून ती पेन्सिलीने अडवून धरायला त्याला सांगितलंय. हीट सिंकखालची वाळलेली पेस्टही तो बदलणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
टेबलावरचा

ता. क. कप्प्याचं दार काढून टाकतोय. मांजर मात्र लगेच आत येऊन बसेल, तिचं काय करायचं ते सुचवा.