अहो, आधी न्हाणीत

साताऱ्यात आमच्या दादांची छोटी प्रेस होती. एक ट्रेडल, अक्षरखिळ्यांच्या आठ-दहा केसी आणि कोपऱ्यात रॉकेलचा डबा. लग्नपत्रिकांच्या दिवसांत दादा रात्री दहा वाजता घरी येत. उंबऱ्यातच आईचा आवाज यायचा, “अहो, आधी न्हाणीत!” तिथं राख, चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी मांडून ठेवलेली असे. पेरांतलं काळं निघेपर्यंत दादा बोटं घासत. कपडे वेगळ्या बादलीत पडत. तोवर आम्हां पोरांना त्यांच्या अंगाला झोंबायची मुभा नसे.

आईचा राग शाईवर होता. खरं विष होतं खिळ्यांत. शिसं, अँटिमनी आणि कथील मिसळून ते ओतलेले असत. आमचे कंपोझिटरकाका डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हातानं एकेक अक्षर उचलत, खणातली धूळ फुंकर मारून उडवत आणि त्याच बोटांनी चहात बटर बुडवून खात. शिसं असंच तोंडावाटे पोटात जातं, कपड्यांना लागून घरी येतं आणि लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त बाधतं. हे आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक होतं? काका गेले तेव्हा आम्ही वयाला दोष दिला. रॉकेलनं पुसलेल्या फर्म्याचा वास मला अजून आठवतो, पण ती प्रेस परत यावी असं एकदाही वाटलेलं नाही.

डीटीपी आलं, ऑफसेट आलं, खिळे किलोच्या भावानं मोडीत गेले. २००० साली पेट्रोलमधलं शिसं देशभर बंद झालं. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून जास्त शिसं घालायला बंदी आली.

घर मात्र उलट्या वाटेनं गेलं. आईच्या न्हाणीला ओल्या दगडाखेरीज कसला वास नसे. केसांना शिकेकाई, लोकरीला रिठा, शालीच्या घडीत वेखंड, गव्हात कडुनिंबाचा वाळवलेला पाला. तिचंही सगळं निर्धोक नव्हतं. चुलीच्या धुरानं ती आयुष्यभर खोकली, आणि मलेरियावाले डीडीटी फवारायला आले की आम्ही पोरं त्या पंपामागं धावायचो. पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये आमच्या सिंकखाली सफाईच्या सात बाटल्या होत्या. वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या दिवाळीत मी संडासात ॲसिड ओतलं आणि डाग जाईना म्हणून वर ब्लिचिंग पावडर टाकली. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. घसा आवळला, डोळ्यांना धारा लागल्या. सूनबाईनं मला ओढून बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या आणि त्याच आठवड्यात सिंकखालचा कप्पा रिकामा केला. आता तिथं खायचा सोडा, साधा साबण आणि रिठ्यांची बरणी आहे. डांबरगोळ्याही गेल्या. काही तान्ह्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्यांच्या वाफेनं फुटतात आणि कावीळ होते, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दादांचा एकच खिळा मी काचेच्या डबीत जपलाय, ‘श्री’चा. नातू परवा तो हातात घ्यायला मागत होता. मी दिला. त्यानं उलटं अक्षर निरखून पाहिलं, बोट फिरवलं, परत डबीत ठेवलं आणि लाडवाकडं वळला.

“अरे, आधी न्हाणीत,” मी म्हणालो.

न्हाणी म्हणजे काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला हाताला धरून बेसिनपाशी नेलं.